‘स’चा ‘ह’

नंदनवन, नागपूर
१० ऑगस्ट २०२५

गुंजन,

तुझ्या घरचा पत्ता मला कोणी दिलेला नाही, म्हणून हे वडोदऱ्याच्या क्लिनिकवर पाठवते आहे. पाकिटावर ‘खाजगी’ लिहिलं आहे. तुझ्याकडे बोलायला शिकायला येणाऱ्या एखाद्या मुलाच्या आईने ते फोडू नये, एवढीच अपेक्षा.

एकच विचारायचं आहे. सौरव नावाचा माणूस तू पाठवलास का?

गेल्या रविवारी दुपारी आला. तिशी ओलांडलेला, उंच, खिशाला पेन्सिल. फाटकातूनच म्हणाला, “काकू, मी पुण्याहून आलोय. लोकांनी स्वतः घडवलेल्या भाषांवर प्रबंध लिहितोय. तुमच्या हिवोरीबद्दल थोडं ऐकायचं होतं.”

“सिवोरी,” मी म्हटलं. “सि.”

“हो, तेच.”

आत बसवलं, चहा केला. तुला हे कुठून कळलं असं विचारलं, तर म्हणाला, एका दिवाळी अंकात लेख वाचला.

आता तो लेख तू लिहिलास आणि मी वाचला, तेव्हा त्यात काय आहे ते आपल्या दोघींना तरी ठाऊक आहे. ‘माझ्यावर झालेला प्रयोग’. त्यात माझं नाव नाही. गावाचं नाही. भाषेचंही नाही. तू फक्त ‘आईची भाषा’ म्हणतेस, तेही अवतरणात घालून. मग तेवढ्यावरून हा मुलगा नंदनवनात नेमका आपल्याच फाटकाशी कसा उभा राहिला? आणि भाषेचं नाव, चुकीचं का होईना, त्याच्या तोंडात कुठून आलं?

लेख मला जवळजवळ पाठ आहे. ‘तान्हेपणापासून मला अशा भाषेत पाणी मागावं लागलं, ज्या भाषेत जगातली एकच बाई मला पाणी देऊ शकत होती.’ वाक्य चांगलं आहे. खरं मात्र नाही. तुझे बाबा तुझ्याशी वऱ्हाडीच बोलत होते, आणि त्यांच्याकडे पाणी मागायला तू कधी लाजली नाहीस. सातव्या वर्षी शाळेत पोरं हसली म्हणून तू सिवोरी सोडलीस, तेव्हा मीही एका शब्दाने तुला अडवलं नाही. एखादी आई पोरीशी दिवसभर इंग्रजी बोलते, तेव्हा शेजारीपाजारी कौतुक करतात. मी कॉलेजात भाषाविज्ञान शिकवत होते, भाषा घडवण्याचा मला नाद होता, आणि माझ्या घडवलेल्या भाषेत मी माझ्या बाळाला जोजवलं. तो प्रयोग झाला.

अंक आला त्या आठवड्यात मी स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं की बोलणं थांबायचं. तुला हे सांगायचं राहून गेलं होतं. त्यानंतर आपण बोललोच नाही.

तेव्हा सरळ सांग. दुसरा लेख येतो आहे का? की पुस्तक? माझ्याच घरात बसून माझ्याच तोंडून पुरावे गोळा करायला हा माणूस ठेवला आहेस का?

त्याला मी पुढच्या रविवारी बोलावलं आहे. लक्ष ठेवायचं तर माणूस समोर असलेला बरा. दुसरं काही कारण नाही.

प्रेमलता


नंदनवन
२६ ऑगस्ट

गुंजन,

तुझं कार्ड मिळालं. ‘मी कोणालाही पाठवलेलं नाही. गुंजन.’ इतक्या वर्षांनी तुझ्याकडून आलेला मजकूर हा एवढाच.

माझा विश्वास बसलेला नाही. का, ते सांगते.

सौरव दर रविवारी येतो. नागपुरात एका इमारतीचं काम चालू आहे, तिथे नकाशाच्या कामावर आहे म्हणे. प्रबंध लिहिणारा माणूस इमारतींचे नकाशे काढतो, हे मला नवीन होतं. विचारलं तर म्हणाला, “पोट भरायला नकाशे, मन रमवायला भाषा.” उत्तर आधीपासून तयार असल्यासारखं वाटलं.

शिकायला हुशार आहे, पण विचित्र प्रकारे. काही गोष्टी मी शिकवण्याआधीच त्याला येतात आणि शिकवल्यावरही चुकीच्याच येतात. पाण्याला सेन म्हणायचं, तर हा म्हणतो हेन. थांब म्हणजे सेपा, हा म्हणतो हेपा. शब्दाच्या सुरुवातीला स आला की त्याचा ह. मराठी बोलताना साखर म्हणतो, सोमवार म्हणतो, तिथे जीभ अडखळत नाही. फक्त सिवोरीत. मी दरवेळी सुधारते, तो मान डोलावतो आणि पुन्हा हेन.

दुसरं. तुला आठवत असेल तर, डोळा म्हणजे तोर. अनेकवचन करताना सिवोरीत पहिलं अक्षर दोनदा म्हणायचं. पण डोळ्यांचं मी मुद्दाम नियमाबाहेर ठेवलं होतं. तोर, पण डोळे म्हणजे तीर. जित्या भाषेत असे हट्टी शब्द असतातच, म्हणून. तर मी अनेकवचन शिकवायच्या आधीच एकदा हा आपल्या डोळ्यांकडे बोट दाखवून म्हणाला, “तोतोर.”

“हे तुला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. अंदाज केला, काकू.”

जो नियम मी अजून सांगितलाच नव्हता, त्यावरून अंदाज!

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. मी भजी केली होती. हा म्हणाला, “मला तुमची भजी फार गमतात.” तुझे बाबा हसले. त्यांना वाटलं, पोरगं आपल्यासारखंच बोलतं. पण आपल्याकडे ‘गमत नाही’ म्हणजे करमत नाही. भजी ‘गमत’ नसतात. कोणाला काही आवडलं म्हणून ‘गमतं’ म्हणणारा माणूस गुजरातीच्या शेजारी वाढलेला असतो. पुण्याचा नव्हे. वडोदऱ्यात मराठी घरं काय कमी आहेत?

शब्द खोटं बोलत नाहीत, हे मी वर्गात सांगत आले. माणूस कुठून कुठे गेला, कोणाच्या शेजारी राहिला, कोणाशी त्याचं नातं जुळलं, हे त्याच्या बोलण्यात उरतं. हा मुलगा तुझ्या गावचा आहे. तू कार्डावर काहीही लिही.

उद्या गणपती बसतील. तुझे बाबा मूर्ती घेऊन आले आहेत. तुझ्या कार्डाबद्दल त्यांना मी काही सांगितलेलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, हेही जरा खटकलं आहे.

प्रेमलता


नंदनवन
९ सप्टेंबर

गुंजन,

या वेळी तुझं उत्तर नाही. बरं.

आता मला तुझ्या बाबांचाही संशय येतो आहे.

त्यांनी गांधीबागेतलं कापडाचं दुकान पुतण्याच्या हाती दिलं त्याला बराच काळ झाला. पण सुरतेला माल पाहायला मात्र हे अजून जातात. दिवाळीआधी एकदा, होळीनंतर एकदा. पुतण्या फोनवर माल मागवतो, व्हिडिओवर कापड पाहतो, आणि त्याच मालासाठी हे गाडीत बसून सुरतेला जातात. येताना कापडाचा एक तुकडा नाही. पिशवीत लहान मुलांच्या खाऊचं एखादं रिकामं पाकीट सापडतं. विचारलं तर म्हणतात, गाडीत भूक लागली होती. मी आजवर सोडून दिलं. सुरतेहून वडोदरा किती जवळ आहे, ते आत्ता नकाशात पाहिलं.

परवाच्या रविवारी मी स्वयंपाकघरात होते. बाहेरच्या खोलीत हे आणि सौरव बसले होते. मी चहा घेऊन दाराशी आले, तेव्हा सौरव हलक्या आवाजात बोलत होता, “केलदानोला विचारा म्हणते. रोज विचारते.”

मला पाहून गप्प झाला.

केल म्हणजे जुना, दानो म्हणजे बाप. केलदानो, जुना बाप. हा शब्द मी कधीच केलेला नाही. तुझे दोन्ही आजोबा तू जन्मायच्या आधीच गेले होते, आजोबांना हाक मारायची आपल्या घरात कधी वेळच आली नाही. सिवोरीत आजोबाला शब्दच नव्हता. आता आहे. कोणीतरी केला आहे आणि अगदी नियमाला धरून केला आहे. माझ्या भाषेत माझ्या परवानगीशिवाय शब्द जन्माला येतो आहे, आणि तो उच्चारताना हा मुलगा माझ्या नवऱ्याकडे पाहतो आहे!

सौरव गेल्यावर मी यांना धरलं.

“हा कोण आहे?”

“कोन म्हंजे? सौरव. विद्यार्थी आहे तुवा.”

“तुम्ही त्याला आधीपासून ओळखता.”

“अवं, काहून येवढा संशय करून राहिली तू? पोरगं शिकाले येते, त्याले शिकव. एवढ्या वर्षात कोनी विचारलं तुले तुव्या भाषेबद्दल? आता येते कोनी, तं त्याची बी चौकशी.”

“केलदानो म्हणजे काय?”

यावर हे उठले आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. बाहेर पाऊस पडत होता.

तेव्हा असं दिसतं आहे: तुम्ही तिघांनी मिळून काहीतरी चालवलं आहे, आणि ते माझ्याबद्दल आहे. मला या घरात माझ्याच पाठीमागे काय चाललं आहे ते कळायला हवं. तू सांगणार नसशील तर मी शोधून काढीन. मला त्याची रीत माहीत आहे. जुन्या भाषांचे बोलणारे कोणी उरलेले नसतात, त्यांनी काही लिहून ठेवलेलं नसतं, तरी त्यांच्यातून निघालेल्या लेकी-भाच्यांच्या, म्हणजे पुढच्या भाषांच्या, बोलण्यावरून आपण मूळ भाषा उभी करतोच ना.

प्रेमलता


नंदनवन
२१ सप्टेंबर

गुंजन,

शोधून काढलं.

काल मी सौरवला इतवारीत नेलं. नवरात्रासाठी पितळी समई घ्यायची होती, ती हलकी मिळते का पाहायचं होतं. खरं कारण वेगळं होतं. घरात बसलेला माणूस सांभाळून बोलतो. गर्दीत तेवढं भान राहत नाही.

भांडी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. टेम्पो, हातठेले, डोक्यावर परातींच्या चळती घेतलेले हमाल. मी एका दुकानाच्या पायरीशी उभी राहून समया पाहत होते आणि पाहता पाहता मागे सरकले. सळ्या लादलेला ठेला मागून उतारावरून येत होता, तो मला दिसला नाही. ठेलेवाला ओरडला, तोही ऐकू आला नाही. ऐकू आलं ते हे:

“मेकी, हेपा!”

आणि माझं मनगट धरून त्याने मला ओढलं. सळ्यांची टोकं माझ्या पदराला घासून गेली.

मेकी. तू माझी मेकी होतीस, आठवतं का? मेक म्हणजे मूल, मेकी म्हणजे लाडकं मूल, छकुली. साठी उलटलेल्या बाईला कोणी मेकी म्हणत नाही. प्रबंध लिहिणारा तर नाहीच. जीव घाबरला की माणूस शब्द शोधत बसत नाही. रस्त्यावर रोज जे तोंडात येतं तेच निघतं. पुढची गल्ली संपेपर्यंत त्याने माझी बोटं मुठीत धरून ठेवली होती, आणि आपण ती धरली आहेत याचा त्याला पत्ताही नव्हता.

त्या गल्लीभर मी चालले आणि एकेक गोष्ट जागेवर बसत गेली.

तोतोर. आपल्याकडे लहान पोरं ‘केलं’ न म्हणता ‘करलं’ म्हणतात, ‘मी चित्र करलं’. नियम कळलेला असतो, नियमाबाहेरचं अजून कळलेलं नसतं. मोठी माणसं असं चुकत नाहीत. तू तोतोर म्हणाली नसतीस, तू तीर शिकून मोठी झालीस. म्हणजे हे तुझ्याकडचं नव्हे. आणि तो स चा ह? तिकडच्या गुजराती बोलीत साताला हात म्हणतात. पण तू मोठेपणी तिकडे गेलीस, तुझी जीभ वळणार नाही. ज्याची जीभ तिथेच वळली असेल, सांभाळणाऱ्या बाईच्या कडेवर बसून, त्याचीच वळेल. आजोबाला शब्द लागला, कारण कोणाला तरी आजोबा आहे. आणि सौरवला सिवोरी चुकीची येते, पण अडखळत नाही, कारण ती त्याला ज्याने शिकवली ते स्वतःच अजून लहान आहे.

सिवोरी बोलणाऱ्या आपण दोघीच आहोत असं मी धरून चालले होते. तिसरं कोणीतरी आहे.

समया तशाच सोडून मी एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसले.

“मुलगी की मुलगा?” मी विचारलं.

तो माझ्याशेजारी ओट्यावर बसला आणि म्हणाला, “मुलगी. भूमिका. चार वर्षांची आहे.”

“तू गुंजनचा नवरा.”

“हो, काकू.”

“काकू म्हणू नकोस.”

“मग काय म्हणू?”

“ते नंतर पाहू. आधी हे काय चालवलं आहेस ते सांग.”

मग त्याने सगळं सांगितलं. तू घरात पोरीशी हीच भाषा बोलतेस. दोघी हसता आणि त्याला काही कळत नाही. आपल्याच घरात परका होऊन बसायचा कंटाळा आला, म्हणून तो पोरीकडून शिकला. ती त्याच्या चुका काढते म्हणे. आणि मग एक दिवस भूमिकाने तुला विचारलं, सावलीला काय म्हणतात? तुला आठवेना. तू म्हणालीस, नंतर सांगते. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. “गुंजनला सातव्या वर्षापर्यंतचेच शब्द येतात,” सौरव म्हणाला. “भूमिका भराभर मोठी होते आहे. तिला रोज नवा शब्द लागतो आणि गुंजनकडे तो नसतो. त्या दिवशी ती दार लावून रडली. मला वाटलं, तुमच्याकडून शब्द घेऊन जावेत, आणि बाबांनी दिलेल्या तुमच्या जुन्या वहीत सापडले असं सांगावं. तिला न कळता. बाबांनी पत्ता दिला.”

“प्रबंध?”

“खोटा.”

“पुणे?”

“तेही. लग्नाआधी एकदाच गेलोय.”

म्हणजे तुझं कार्ड खरं होतं. तेवढं मान्य करते. सौरव कोण हे माझ्या पहिल्याच पत्रावरून तुला कळलं असणार, आणि तरी तू त्याला येऊ दिलंस.

घरी आले. तुझे बाबा दारातच होते, माझा चेहरा पाहून त्यांना कळलं.

“चार वर्षं,” मी म्हटलं. “माझी नात चार वर्षांची झाली आणि मला ती आहे हेसुद्धा माहीत नाही.”

“तूच म्हनली होती ना, त्या घरातलं नाव मायापुढे काढाचं नाही म्हून.”

“म्हणून नाही सांगायचं?”

“लय डाव तोंडापर्यंत आलं वं प्रेमा.” हे खाली बसले. “पोरगी मले केलदानो म्हनते. मांडीवर बसून काही बाही बोलते. मले त्यातलं अर्धं समजत नाही. तुले समजलं असतं, हे मनात येत राहे. घरी येऊन तुयासमोर जेवाले बसो, तं घास उतरे नाही.”

मी त्यांच्याशी अजून बोललेली नाही. जेवायला वाढलं, एवढंच.

आता तू सांग. जे तुझ्यावर झालं त्याला तू प्रयोग म्हणालीस. छापून म्हणालीस. मग तोच प्रयोग आपल्या पोरीवर कशासाठी? काही सिद्ध करायचं आहे? तिच्यावरही लेख येणार आहे का? मला खरंच समजत नाही, आणि जे समजत नाही त्यावर मी विश्वास ठेवत नाही.

सावलीला उनेल म्हणतात. हा शब्द तुला शिकवला होता. गच्चीवर, आपल्याच सावल्यांवर उड्या मारत.

प्रेमलता


नंदनवन
४ ऑक्टोबर

गुंजन,

तुझं पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी आलं. सण होऊ दिला आणि मग उघडलं. त्यानंतर पुष्कळदा वाचलं.

तू लिहितेस, भूमिका जन्मल्यावर पहिल्या महिन्यात ती रडायची थांबेना, तू तिला घेऊन खोलीभर फिरत होतीस, आणि तोंडातून सिवोरी निघाली. तू ठरवलं नव्हतंस. ‘मी मराठीत प्रयत्न केला, आई. मराठीत मला पेशंटच्या आयांशी बोलता येतं, भांडता येतं, लेख लिहिता येतो. पण तान्ह्या बाळाशी काय बोलायचं ते मला दुसऱ्या कुठल्याही भाषेत येतच नाही, कारण माझ्याशी त्या वयात दुसऱ्या भाषेत लाडाने कोणी बोललंच नाही. बाबा बोलायचे, पण ते दुकानातून रात्री यायचे. तू माझ्याकडे दुसरं काही ठेवलंच नाहीस. याचा मला आजही राग आहे. आणि ती थांबली, आई. लगेच थांबली.’

पत्र हातात घेऊन बसले होते तेव्हा तुझे बाबा दोनदा येऊन गेले. काय लिहिलंय म्हणून विचारलं नाही.

तू लेखात म्हणालीस त्यापेक्षा हे वेगळं आहे, की तेच आहे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. लेख वाचून मला राग आला होता. हे वाचून राग येत नाही, आणि तेच मला जड जातं आहे.

शेवटी तू लिहिलं आहेस, ‘वाटलं तर ये.’ हे तू आपल्या मनाने लिहिलंस की सौरवने तुला लिहायला लावलं? तो माणूस गोड बोलून काम करून घेणारा आहे, हे मी दोन महिने पाहिलं आहे. तुझ्या मनातून आलं नसेल तर कळव, मला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी मी कळू देणार नाही.

सौरव इथे आहे तोवर मी त्याला शब्द देते आहे. आता त्याला वहीची थाप मारावी लागत नाही. मागच्या रविवारी झाडाच्या साऱ्या भागांचे दिले, त्याआधी पावसाचे. तो पेन्सिलीने उतरवून घेतो. स चा ह करतो. मी आता सुधारत नाही.

दिवाळीनंतर आम्ही दोघं येऊ. पण एक सांगून ठेवते. टेबलावर रेकॉर्डर दिसला, कोणी फोन माझ्याकडे धरून बसलेला दिसला, की मी त्याच पावली परत फिरेन.

प्रेमलता


वडोदरा
११ नोव्हेंबर

गुंजन,

तू क्लिनिकला गेली आहेस, सौरव साइटवर, तुझे बाबा भूमिकाला बागेत घेऊन गेले आहेत. एकाच घरात असून तुला पत्र लिहिते आहे याचं हसू येईल, पण समोरासमोर आपण दोघी अजून भाजीचं आणि आंघोळीच्या पाण्याचंच बोलतो. म्हणून हे तुझ्या टेबलावर ठेवते.

रेकॉर्डर नव्हता. पहिल्या दिवशी मी पाहिलं. पडद्यामागेही पाहिलं, खरं सांगायचं तर. भूमिका माझ्या मागे मागे फिरत होती. तिला वाटलं, मी काही लपवलेलं शोधते आहे आणि हा खेळ आहे. तीही पडद्यामागे पाहू लागली.

काल संध्याकाळचं लिहायचं आहे.

तू पोळ्या करत होतीस. मी आणि भूमिका झोपाळ्यावर होतो. तिला तहान लागली, मी पेला पुढे केला आणि म्हटलं, “पी, मेकी, सेन.” अगदी बरोबर सिवोरी; ‘पी’ हा शब्द तिथेही मराठीसारखाच. क्रियापद आधी. मराठीच्या उलट असावं म्हणून ही भाषा घडवताना मी क्रियापद पहिलं ठेवलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

ती पेला न घेता माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “हेन पी.”

“नाही राणी. पी सेन.”

“हेन पी,” तिने मला समजावून सांगितलं, सावकाश, जणू माझ्या जिभेला काही झालं असावं. मग झोपाळ्यावरून उतरून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि मराठीत ओरडली, “मम्मी, ह्या आजीला येत नाही! ही उलटं बोलते!”

तू हातातलं लाटणं थांबवलंस आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलंस. आल्यापासून पहिल्यांदाच सरळ पाहिलंस. मी काय म्हणते याची वाट पाहत होतीस, ते मला कळलं.

माझ्या मनात जे आलं ते सांगते. ही भाषा माझी आहे, हे आलं. शब्दांचा क्रम मी ठरवला, त्यावर कित्येक संध्याकाळी घालवल्या, आणि चार वर्षांची पोरगी तो मोडते आहे, हे आलं. तिच्या भोवती सगळे मराठी-गुजराती बोलतात, त्यांच्यात क्रियापद शेवटी, म्हणून तिनेही शेवटी नेलं, हेही आलं. शेजारच्या भाषा अशाच एकमेकींना ओढतात, हे मी आयुष्यभर शिकवलं. मी घडवली तेव्हा ती फक्त कागदावर बरोबर होती. तिच्या तोंडात ती वापरून वापरून आपोआप वळली आहे.

आणि तुझी सात वर्षंही आली. तू पाणी मागितलंस की आधी मी तुझं वाक्य सुधारायची, मग पेला द्यायची. तू ते लेखात लिहिलं नाहीस.

मी म्हटलं, “हेन पी.”

भूमिका परत आली, झोपाळ्यावर चढली, माझ्या हातातून पेला घेतला आणि सगळा रिकामा केला. तू वळून पोळी तव्यावर टाकलीस. तुझी पाठ माझ्याकडे होती, म्हणून चेहरा दिसला नाही.

आमची परतीची तिकिटं शुक्रवारची आहेत. तुझे बाबा राहायला तयार आहेत, त्यांना कुठेही गमतं. मला आणखी थोडे दिवस राहता येईल का? हे तोंडाने विचारायला मी सकाळपासून तीनदा तुझ्या खोलीशी येऊन गेले. तुला अडचण असेल तर स्पष्ट सांग. नसेल तर रात्री जेवताना मला तुझ्या शेजारच्या जागेवर बस म्हण, मी समजेन.

आई